अठ्ठ्याण्णव टक्के तलाव

कोणत्याही सार्वजनिक कामाचे तीन टप्पे असतात. पहिल्यात ते सुरू झालेलं नसतं, दुसऱ्यात ते सुरू असतं आणि तिसऱ्यात ते सुरू असणं लोकांच्या अंगवळणी पडतं. काम पूर्ण होणं नावाचा एक चौथा टप्पाही असतो, असं काही जुनी माणसं सांगतात. पण जुनी माणसं काय, पूर्वी नळाला दिवसभर पाणी यायचं असंही सांगतात.

गावातला सार्वजनिक पोहण्याचा तलाव पुनर्विकासासाठी बंद झाला तेव्हा फाटकावर एक फलक लागला. 'आपल्या सोयीसाठी होणाऱ्या आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. काम प्रगतिपथावर. कालावधी : अठरा महिने.' फलक जाड पत्र्याचा होता, अक्षरं सुबक होती आणि तो ठरलेल्या दिवशी लागला. पुढच्या सात वर्षांत या कामात ठरलेल्या दिवशी झालेली ही एकमेव गोष्ट असल्यामुळे तिचा उल्लेख टाळणं कृतघ्नपणाचं होईल.

तलावावर तेव्हा चार माणसं नोकरीला होती. तिकीट खिडकीवरचा कारकून जन्म-मृत्यू नोंदणीत गेला, पंपवाला बागेत गेला, झाडलोट करणाऱ्या मावशी शाळेत गेल्या. राहिले मास्तर. मास्तर म्हणजे जीवरक्षक आणि पोहण्याचे शिक्षक. एकोणतीस वर्षांत त्यांनी अकरा हजारांवर लोकांना हनुवटीखाली हात धरून पाण्यावर आडवं केलं होतं. त्यांना कुठेच पाठवता येईना, कारण सेवानियमांत एक कलम निघालं : 'जीवरक्षकाने कामाच्या वेळेत कोणत्याही परिस्थितीत तलाव सोडून जाऊ नये.' कलम लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर बुडणारा माणूस होता. कोरडा तलाव त्याच्या डोळ्यासमोर नव्हता. पण कायदा डोळ्यांनी वाचायचा असतो, डोळ्यासमोर काय होतं ते विचारायचं नसतं.

म्हणून मास्तर रोज आठ ते पाच, गळ्यात शिट्टी घालून, एका खणलेल्या खड्ड्याच्या काठावर लोखंडी उंच खुर्चीत बसू लागले. या काळातली जीवितहानी शून्य. (बंद होण्यापूर्वीही ती शून्यच होती, पण तेव्हा त्यासाठी मास्तरांना अधूनमधून भिजावं लागे.)

कामावर देखरेख करायला एक उपअभियंता होते. त्यांना सगळे टक्केसाहेब म्हणत. गैरसमज नको, ते कामाचे टक्के मोजत. दर मंगळवारी ते यायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे, खड्ड्याकडे एक नजर टाकायचे आणि "चौतीस," म्हणायचे. पुढच्या मंगळवारी "साडेचौतीस." काहीच काम झालं नसेल तर पाव टक्का. पाव टक्क्याच्या खाली ते कधी गेले नाहीत. माणूस तसा दिलदार होता.

पुढेपुढे त्यांना यायला जमेना. तेव्हा त्यांनी साप्ताहिक प्रगती अहवालाचं काम मास्तरांवर सोपवलं. 'नमुना सात' नावाचा छापील कागद होता. त्यात एक्केचाळीस बाबी, प्रत्येकीपुढे तिचं वजन. प्रवेशद्वाराची कमान : अकरा टक्के. मान्यवरांची गॅलरी : चौदा. वाहनतळ : नऊ. मास्तर बोट फिरवत खाली खाली गेले आणि शेवटच्या ओळीशी थांबले. बाब एक्केचाळीस, पाणी : दोन टक्के.

"साहेब," मास्तर म्हणाले, "पोहण्याच्या तलावात पाण्याला दोनच टक्के?"

"मास्तर, तुम्ही घर बांधता तेव्हा त्यात माणसांचे किती टक्के धरता?"

मास्तरांनी विचार केला. "माणसांचे नाही धरत."

"बघा. माणसं नंतर राहायला येतात. पाण्याला तरी आम्ही दोन दिलेत."

मास्तरांना हे पटलं. पटलं म्हणजे, त्यात काय चुकतंय ते सांगता येईना. संध्याकाळी त्यांनी घरी बायकोला सांगितलं तेव्हा ती पाय शेकत बसली होती. ती म्हणाली, "त्या साहेबांच्या घरात किती टक्के माणसं आहेत, ते एकदा बघून या."

मास्तरांच्या बायकोला गावात मास्तरीणबाई म्हणत. त्या कधीच कुणाच्या मास्तरीण नव्हत्या. वह्या बांधायच्या कारखान्यात कागद कापायच्या यंत्रापुढे त्या अठ्ठावीस वर्षं उभ्या राहिल्या आणि निवृत्त होताना दोन गोष्टी घेऊन घरी आल्या : एक भिंतीवरचं घड्याळ आणि दोन गुडघे. घड्याळ पहिल्याच वर्षी बंद पडलं. गुडघे मात्र प्रत्येक पायरीला वाजायचे.

हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, "जमिनीवर चालणं कमी करा, पाण्यात चालणं सुरू करा. पाण्यात अंगाचं वजन उतरतं. पोहायला शिकलात तर सोन्याहून पिवळं. जवळपास कुणी शिकवणारं आहे का?"

मास्तर शेजारच्याच खुर्चीत बसले होते. ते छताकडे बघू लागले. अकरा हजार लोकांना पोहायला शिकवणाऱ्या माणसाची बायको बादलीत वाकून बघायलाही बिचकत होती, ही गोष्ट गावात फारशी कुणाला माहीत नव्हती. बायकांची बॅच दुपारी तीनची. मास्तरीणबाई तेव्हा यंत्रापुढे. रविवारी तलाव बंद. असं करत करत तीस वर्षं गेली. "दिव्याखाली अंधार म्हणतात," त्या म्हणायच्या, "आमच्याकडे तलावाशेजारी कोरड."

त्यांनी सोमवारी अर्ज भरला. बुधवारी तलाव बंद झाला. अर्ज मात्र वाया गेला नाही. पुनर्विकासानंतरच्या पहिल्या बॅचसाठी तो राखून ठेवला गेला आणि त्यांना पावती मिळाली. क्रमांक एक.

त्यानंतर दोन गोष्टी शेजारी शेजारी पुढे सरकू लागल्या. तलाव एक्केचाळीस टक्क्यांवर आला तेव्हा मास्तरीणबाईंना जिना उतरताना कठडा लागू लागला. पंचावन्नला काठी आली. एकसष्ट टक्क्यांना त्यांनी जमिनीवर बसणं सोडलं. मास्तर दिवसभर नमुना सात भरत आणि संध्याकाळी गुडघ्याला तेल लावत. एका आठवड्यात दोन्ही कामांची डोक्यात सरमिसळ झाली आणि अहवालाच्या 'शेरा' या रकान्यात त्यांच्या हातून लिहिलं गेलं : 'उजवीकडे पायऱ्या उतरताना त्रास.'

कार्यालय सुस्त आहे असं लोक उगाच म्हणतात. नवव्या दिवशी आदेश आला आणि तलावाच्या उजवीकडच्या पायऱ्या, ज्या ठणठणीत होत्या, त्या फोडण्यात आल्या. पुन्हा बांधायला पाच महिने लागले. फोडण्याचा अर्धा टक्का आणि बांधण्याचा अर्धा, असा त्यातून एक टक्का प्रगती झाली. टक्केसाहेबांनी फोन करून मास्तरांचं कौतुक केलं. "बारीक लक्ष आहे तुमचं," ते म्हणाले.

मास्तरांनी त्या दिवशी घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.

चौथ्या वर्षी एक नवीच अडचण उभी राहिली. शाळांमध्ये दहाव्या वर्षाच्या आत प्रत्येक मुलाला पोहता आलं पाहिजे, असा एक जुना आणि चांगला नियम होता. तलाव बंद, मुलं वाढतायत. मुलांचं वाढणं थांबवण्याचा अधिकार कार्यालयाला नव्हता. म्हणून मुलांना पोहता यावं याची व्यवस्था करायचं ठरलं. तलावाच्या काठावर चाळीस बाकं मांडली गेली आणि 'पाण्याव्यतिरिक्त जलतरण वर्ग' सुरू झाला. मुलांनी बाकावर पालथं पडायचं, हात मारायचे, पाय मारायचे, मास्तरांच्या शिट्टीवर मान वळवून श्वास घ्यायचा. निकाल शंभर टक्के. (पाण्यात हा निकाल कधीच ऐंशीच्या वर गेला नव्हता.) प्रमाणपत्रावर छापलं जाई : 'यास पोहता येते', आणि खाली बारीक अक्षरांत 'पाण्याव्यतिरिक्त'. दुसऱ्या वर्षी प्रमाणपत्राचा आकार लहान झाला आणि बारीक अक्षरांना जागा उरली नाही.

मास्तरांनी याला आधी तोंडी, मग लेखी नकार दिला. तेव्हा त्यांना तिसरा मार्ग दाखवण्यात आला, तो म्हणजे आदेश. मग त्यांनी वर्ग घेतला. पण प्रमाणपत्र हातात देताना ते प्रत्येक मुलापुढे वाकायचे आणि त्याच्या कानात सांगायचे, "तुला पोहता येत नाही. कुणी काही म्हणो. पाणी दिसलं की काठावर थांबायचं. म्हण बघू." मूल म्हणायचं, "मला पोहता येत नाही." समोरून फोटो निघायचा. तीनशे बारा मुलांचे असे फोटो आहेत. सगळ्यांत मास्तर मुलाला प्रेमानं काहीतरी सांगताना दिसतात आणि मूल गोंधळलेलं दिसतं.

त्या वर्गाच्या शेवटच्या दिवशी मास्तर घरी आले ते न जेवता खुर्चीत बसून राहिले.

"काय झालं?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"एकोणतीस वर्षांत माझ्या हातून कुणी बुडालं नाही," मास्तर म्हणाले. "आता कुणी कुठे बुडालं, तर त्याच्याजवळ माझ्या सहीचा कागद निघायचा."

मास्तरीणबाईंनी ताट त्यांच्या पुढ्यात ठेवलं. म्हणाल्या, "मग जे आहे ते लिहा की कागदावर. तुम्हाला अक्षर तर चांगलं आहे."

त्या आठवड्याच्या नमुना सातवर मास्तरांनी एक्केचाळीस रकाने रिकामे सोडले आणि मध्ये आडवं लिहिलं : 'तलावात पाणी नाही.' खाली सही, तारीख.

उत्तर चार दिवसांत आलं. 'आपण दिनांक अमुकच्या अहवालात "नाही" हा शब्द वापरल्याचे निदर्शनास आले आहे. नमुना सातमध्ये सदर शब्दासाठी रकाना उपलब्ध नाही. तरी आपणावर कारवाई का करण्यात येऊ नये, याचा खुलासा करावा.' (याच पत्रात 'नाही' हा शब्द दोनदा आणि 'नये' एकदा आला होता, पण ते पत्र होतं, अहवाल नव्हता.)

टक्केसाहेब स्वतः आले. खुर्चीखाली उभं राहून वर बघत म्हणाले, "मास्तर, निवृत्तीला किती राहिलं?"

"अडीच वर्षं."

"मग कशाला पाण्यात राहून माशाशी वैर?"

"पाणीच नाही ना साहेब."

टक्केसाहेब मनापासून हसले. वाईट माणूस नव्हता. म्हणाले, "'नाही' लिहू नका. 'अपेक्षित' लिहा. अर्थ तोच." मास्तरांनी पुढची दीड वर्षं 'पाणी : अपेक्षित' असं लिहिलं. अर्थ तोच होता, त्यामुळे पाणी आलं नाही.

अशा रीतीनं काम अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर येऊन पोहोचलं. कमान झाली, गॅलरी झाली, वाहनतळ झाला, तळाला आणि भिंतींना परदेशी निळ्या फरशा बसल्या. अठ्ठ्याण्णव टक्के काम झालेल्या वास्तूचं उद्घाटन न करणं म्हणजे दोन टक्क्यांसाठी अठ्ठ्याण्णवांवर अन्याय. तारीख ठरली, मांडव पडला, फीत बांधली गेली.

निळ्या फरशांचं काय सांगावं! गॅलरीतून पाहिलं की तळ्यात पाणी काठोकाठ भरल्यासारखं वाटे. "पाणी किती स्वच्छ आहे, अगदी तळ दिसतोय," असं पहिल्या रांगेत कुणीतरी म्हणालं आणि ते मागच्या रांगेपर्यंत गेलं. प्रमुख पाहुण्यांनी काठाशी जाताना पायजमा चिमटीत धरून जरा वर घेतला. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात एका वाचकाचं पत्र होतं, की जुन्या तलावासारखा औषधाचा उग्र वास इथे मुळीच येत नाही, याबद्दल प्रशासनाचं अभिनंदन.

उद्घाटनाला तरी पाणी सोडतील, या आशेनं मास्तरीणबाई रिक्षानं आल्या होत्या. पिशवीत पावती क्रमांक एक आणि स्वतः शिवलेला पोहण्याचा पोशाख. काठीवर भार देत त्या काठापर्यंत गेल्या, वाकल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "अहो, हे तर रिकामं आहे!"

"हळू बोला मास्तरीणबाई," शेजारचे गृहस्थ म्हणाले, "कार्यक्रम चाललाय."

उद्घाटन झालेली वास्तू बंद ठेवता येत नाही. त्यामुळे दुसऱ्या दिवसापासून तलाव जनतेसाठी खुला झाला. जनता आली. आल्यावर काय करायचं ते तिला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून ती पायऱ्यांवरून खाली उतरली आणि चालू लागली. आणि काय आश्चर्य, बरं वाटलं! गाड्या नाहीत, कुत्री नाहीत, चारी बाजूंनी भिंती असल्यामुळे वारा नाही. उथळ बाजूकडून खोल बाजूकडे हलका उतार, येताना हलका चढ. हृदयाला जितका हवा तितकाच. आठ पट्टे आखलेलेच होते. पहिल्यात झपाझप चालणारे, चौथ्यात रमतगमत, आठव्यात ज्यांना नुसतं बोलायचं आहे ते. बारा फूट खोलीपाशी बुद्धिबळ. पंधरवड्यात 'तलाव चालणे मंडळ' स्थापन झालं आणि एका निवृत्त दंतवैद्यांची अध्यक्षपदी एकमतानं निवड झाली. समोरच्यानं तोंड उघडायचं पण बोलायचं नाही, अशा वातावरणात त्यांची पस्तीस वर्षं गेली होती. त्यामुळे सभा लवकर संपत.

मास्तर वर खुर्चीत बसून खाली चालणाऱ्यांकडे लक्ष ठेवत. कुणी पळालं तर शिट्टी वाजवत. मास्तरीणबाईंना मात्र या सुविधेचाही लाभ घेता आला नाही. खाली उतरायला बावीस पायऱ्या होत्या. नव्या.

इथे गोष्ट संपली असती आणि सगळे सुखी झाले असते. पण वरिष्ठ कार्यालयात कुठेतरी एक तपासनीस होता, ज्याला कुणी ओळखत नव्हतं आणि जो कुणालाच ओळखत नव्हता. अशी माणसं कामात फार अडथळा आणतात. त्यानं फाइल वाचली आणि लिहिलं : 'टाकीची गळती चाचणी झालेली दिसत नाही. नियमानुसार टाकी काठोकाठ भरून सात दिवस ठेवावी व पातळी मोजावी. तोवर पूर्णत्वाचा दाखला देऊ नये.'

सात वर्षं न झालेली नळजोडणी दीड दिवसात झाली. फाटकाला कुलूप लागलं. 'चाचणी सुरू, प्रवेश बंद.' आत फक्त एक माणूस. कारण टाकीत पाणी असताना जीवरक्षकानं हजर राहायलाच हवं, असं कलम होतं, आणि या वेळी कलम लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर होतं तेच मास्तरांच्याही डोळ्यासमोर होतं.

पाणी रात्रभर चढलं असावं. सकाळी मास्तर आले तेव्हा ते काठाला लागलं होतं. मास्तर बराच वेळ नुसते उभे राहिले. मग त्यांनी काही कारण नसताना शिट्टी वाजवली. दुपारच्या सुट्टीत ते घरी गेले. सात वर्षांत सुट्टीत घरी यायची ही पहिलीच वेळ.

"अगं, चल."

"कुठे?"

"पाणी आलंय."

"मग बादल्या भरून ठेवा की!" मास्तरीणबाई म्हणाल्या, आणि मग त्यांनी नवऱ्याचं तोंड पाहिलं आणि काठी शोधू लागल्या.

पहिल्या दिवशी त्या उथळ बाजूच्या पाचव्या पायरीवर उभ्या राहिल्या. एका हातात कठडा, दुसऱ्या हातात नवरा. पाणी कमरेपर्यंत. "सोडू नका हं," त्या म्हणत होत्या. "सोडलंत तर बघा."

"तुम्ही आधी श्वास सोडा," मास्तर म्हणाले. "खांदे सैल ठेवा. समोर बघा, पाण्याकडे बघू नका."

"तुम्ही?" मास्तरीणबाई कठडा विसरून त्यांच्याकडे बघू लागल्या. "लग्नाला सदतीस वर्षं झाली आणि आज मी 'तुम्ही'?"

मास्तर ओशाळले. एकोणतीस वर्षांची सवय. पाण्यात उतरलं की त्यांच्या तोंडी समोरच्याला 'तुम्ही'च यायचं, मग तो सहा वर्षांचा का असेना. "पाण्यात घाबरलेल्या माणसाला मान द्यावा लागतो," ते म्हणाले. "मग तो धीर धरतो."

"मग द्या," त्या म्हणाल्या. "सात दिवस तरी मिळू दे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तोंड बुडवलं आणि ठसकल्या. तिसऱ्या दिवशी नको म्हणाल्या, घरी राहते म्हणाल्या, आणि तरीही आल्या. चौथ्या दिवशी मास्तरांनी त्यांना उताणं केलं, मानेखाली एक हात, पाठीखाली एक, आणि मग पाठीखालचा काढून घेतला, मग मानेखालचाही. त्यांना ते कळलं नाही. त्या आभाळाकडे बघत होत्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "माझा गुडघा कुठे गेला हो?"

"आहे की."

"मला लागतच नाहीये. बघा ना, आहेत का पाय."

"आहेत. दोन्ही आहेत," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज जरा वेगळा निघाला. पण पाण्यात सगळ्यांचेच आवाज वेगळे निघतात. सातव्या दिवशी दुपारी मास्तरीणबाईंनी तलाव आडवा पार केला. साठ फूट, म्हणजे मास्तरांच्या मोजणीनं एकोणतीस हात; त्यातले सहा निरुपयोगी होते. पलीकडच्या काठाला हात लागला तेव्हा त्या आनंदानं ओरडल्या, आणि ते ओरडणं फाटकाबाहेर ऐकू गेलं.

फाटकाबाहेर, दुर्दैवानं, मंडळ उभं होतं.

मंडळाचे सात दिवस फार हालात गेले होते. सवयीच्या माणसाला रस्त्यावर चालवत नाही. पहिल्या दिवशी तक्रार, दुसऱ्या दिवशी सभा, तिसऱ्या दिवशी निवेदन, अशी त्यांची प्रगती चालू होती आणि तिला एकाही आठवड्याची मुदतवाढ लागली नव्हती. आता तर आत माणूस पाण्यात पडल्याचा आवाजही आला. दंतवैद्यांनी निवेदनात एक मुद्दा वाढवला आणि ते पूर्ण झालं :

'तलावात पाणी सोडण्यास आमचा तीव्र विरोध आहे. पाण्यामुळे बुडण्याची शक्यता निर्माण होते, जी आजवर नव्हती. पाण्यामुळे फरशा निसरड्या होतात. पोहता येणाऱ्यांची संख्या गावात अल्प असून, मूठभरांच्या हौसेसाठी बहुसंख्यांची चालण्याची जागा पाण्याखाली घालणे अन्यायाचे आहे. तलाव जसा होता तसा राहिला पाहिजे.' खाली सह्या. दोन हजार तीनशे सोळा.

टक्केसाहेबांनी ते वाचलं आणि सात वर्षांत प्रथमच त्यांच्या चेहऱ्यावर शांती पसरली. चाचणी यशस्वी झाली होती. पातळी अर्धा इंचही उतरली नव्हती. बाब एक्केचाळीस, पाणी : भरून दाखवले. दोन टक्के मिळाले. अठ्ठ्याण्णव आणि दोन शंभर. काम पूर्ण झालं होतं, आणि पूर्ण झालेल्या कामातलं पाणी लोकभावनेचा आदर करून काढून टाकायला आता कुणाची हरकत नव्हती. आठव्या दिवशी सकाळी पंप लावला. उन्हं चढेपर्यंत मंडळाचे सभासद पायऱ्यांवर पाणी उतरण्याची वाट बघत उभे होते आणि जसजशी फरशी उघडी पडे तसतसे तिच्यावरून चालायला सुरुवात करत होते.

मास्तरांना नोटीस आली, ती अनधिकृत व्यक्तीला टाकीत उतरवल्याबद्दल. त्यांनी खुलासा दिला : 'टाकीत पाणी टिकते. पाण्यात माणूस टिकतो. दोन्ही चाचण्या समाधानकारक.' खुलासा फाइलला लागला. तो कुणी वाचल्याची नोंद नाही, पण कारवाईही झाली नाही.

पुनर्विकासाच्या काळात या तलावात पोहायला शिकलेल्यांची एकूण संख्या : एक. मास्तर पुढच्या वर्षी निवृत्त झाले. आता गुरुवारी ते दोघं एसटीनं सव्वा तासावरच्या गावी जातात. तिथला तलाव जुना आहे, कळकट आहे, कमान नाही, गॅलरी नाही; नुसतं पाणी आहे. मास्तरीणबाई लांबीला दोन फेऱ्या मारतात. काठी अजून लागते, पण फक्त जमिनीवर.

निवृत्त व्हायच्या आधी मास्तर एकदाच कार्यालयात गेले होते. ते निवेदन त्यांनी वाचायला मागितलं आणि तिथल्या बाकावर बसून सह्यांची पानं एकेक करून उलटली. बहुतेक नावं ओळखीची. कुणाला त्यांनी तिसऱ्या फुटाशी हात धरून उभं केलं होतं, कुणाला खोल बाजूला केसांना धरून वर काढलं होतं. बाहेर पडल्यावर त्यांनी रस्त्यात भेटलेल्या दोघातिघांना विचारलंही. रागानं नाही, साधंच. सगळ्यांनी एकच सांगितलं : "मास्तर, वाचलं कुठे हो! कागद पुढे आला."

सदतिसाव्या पानावर, वरून नवव्या ओळीत, तुमची सही आहे. अक्षर घाईचं आहे, पण ओळखू येतं. तुम्ही फाटकावरून कुठेतरी निघाला होतात, पेन दंतवैद्यांनीच दिलं. कशाबद्दल आहे, असं तुम्ही विचारलंत, हे तुमच्या बाजूनं सांगायला हवं. उत्तर येईपर्यंत सही झाली होती, आणि उत्तर ऐकायला तुम्ही थांबला नाहीत.